दोन चित्रांत गाव बुडवण्याची कृती

किनाऱ्याची धूप दाखवायला किनाऱ्यावर जावं लागतं, हा जुना गैरसमज आहे. बडोद्यात एसी हॉल, प्रोजेक्टर आणि मध्यंतराला सेवउसळ एवढं पुरतं. गेल्या आठवड्यात अशाच एका हॉलमध्ये, धुपीच्या एका अहवालात, खंभातच्या आखाताकाठच्या कावी-कंबोईकडचा समुद्र नऊ वर्षांत दीड किलोमीटर आत आला. टाळ्या पडल्या. तुम्हालाही जमेल, कृती देतो.

सेंटिनेल-२ या उपग्रहाची दोन चित्रं उतरवून घ्या. फुकट मिळतात, पिक्सेल १० मीटरचा. एक २०१६ चं, एक २०२५ चं. ढग नसले की झालं.

वेळ मात्र बघायची नाही. सगळी चव त्यातच आहे. उपग्रह आपल्याकडे येईल त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारासच येतो. भरती तशी शिस्तीची नाही, ती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. त्यामुळे एका चित्रात उघडी चिखलवट सापडते, दुसऱ्यात भरतीचं काठोकाठ पाणी. त्यातून हे खंभातचं आखात! भावनगरकडे उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरांच्या घरात जातो. पाचशे मीटरला एक मीटर असा उतार धरा. दोन चित्रांच्या वेळी पाण्याची उंची तीन मीटरने वेगळी असली की पाण्याची रेघ दीड किलोमीटर हलते. दीडशे पिक्सेल! आणि माती एक घमेलंभरही हललेली नसते. कावी-कंबोईचा स्तंभेश्वर भरतीला पाण्याखाली जातो, ओहोटीला वर येतो. बडोद्याहून रविवारी दर्शनाला निघणारी आजीसुद्धा आधी विचारते, आज पाणी किती वाजता आहे? अहवालवाल्यांना हा प्रश्न पडत नाही. त्यांच्या हिशेबाने ते देऊळ दिवसातून दोनदा धुपतं आणि दोनदा नव्याने बांधलं जातं.

पाणी आणि जमीन वेगळी करायला एनडीडब्ल्यूआय हा पाणी ओळखायचा निर्देशांक लावा, उंबरठा शून्य, म्हणजे शून्याच्या वर ते पाणी. तो हिरवा आणि जवळचा अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) प्रकाशपट्टा यांच्यावर चालतो. स्वच्छ पाणी अवरक्त गिळतं, पण मही आणि ढाढरच्या मुखाशी (ढाढर म्हणजे आपल्या विश्वामित्रीचंही पाणी) इतका गाळ असतो की तो अवरक्त परत फेकतो. मग गढूळ पाणी जमीन ठरतं आणि ओला चिखल पाणी. उंबरठा हलवून बघायच्या फंदात पडू नका.

क्षेत्रफळ वेब मर्केटरमध्येच मोजा, म्हणजे ऑनलाइन नकाशांच्या त्या मांडणीत, जी विषुववृत्तापासून दूर जाऊ तशी जमीन फुगवते. बावीस अक्षांशावर सोळा टक्के फुकट मिळतं.

धुपीचा दर दोनच चित्रांवरून काढा. दोन बिंदूंतून काढलेली रेघ दोन्हींतून जातेच, त्रुटी शून्य!

उंचीसाठी एसआरटीएम, म्हणजे अंतराळयानातून रडारने केलेलं उंचीचं मोजमाप, फेब्रुवारी २००० मधलं. ते तिवरांचे शेंडे जमीन म्हणून सांगतं, आकडाही पूर्ण मीटरांत देतं. त्यावरून अर्धा मीटर समुद्र चढल्यावर कोण बुडेल ते ठरवा. वर जीपीएसची कच्ची उंची मिसळा. ती समुद्रसपाटीवरून मोजलेली नसते, गुजरातेत पन्नासहून जास्त मीटर खालचा आकडा देते. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या अंगणासकट बडोदं शून्याखाली गेलं की निधी लवकर मंजूर होतो.

शेवटी रंग. इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती संस्थेने देशाच्या किनाऱ्याचा धोका-नकाशा १:१,००,००० वर केला आहे, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर शंभर मीटर. तोच ताणून एकेका घराला लाल करा.

आणि कोणी विचारलंच, तर म्हणा, ‘मॉडेल आहे.’

मॉडेल कसलं डोंबलाचं! अहो, चित्राच्या फाइलच्या नावातच वेळ असते, ग्रीनिचची. ०५३६ दिसलं तर साडेपाच तास मिळवा: ११:०६. सर्व्हे ऑफ इंडियाचं भरतीचं कोष्टक उघडा, भावनगरच्या पानावरून त्या वेळची उंची काढा, कावीपर्यंतचा वेळेतला फरक धरा. सारख्या उंचीची, पावसाळ्यानंतरची चित्रं निवडा. दोन नाही, दहा-पंधरा. त्यावर रिग्रेशन करा, म्हणजे सगळ्या बिंदूंना जमेल तितकी जवळची रेघ काढा, आणि त्रुटी छापा. नाहीतर पाण्याची रेघ सोडून तिवरांची कड धरा, ती भरतीबरोबर धावत नाही. मग एकदा जीपीएस घेऊन चिखलात उतरा. हे तुम्हाला ठाऊक नाही असं नाही, तुम्हाला कंटाळा आहे! दगडी बंधारा कुठे पडणार ते तुमच्या लाल रंगावर ठरतं. जिथे खरंच काठ कोसळतोय तिथे तुमच्या नकाशात हिरवं, कारण त्या तुकड्याच्या दुसऱ्या चित्रात ओहोटी होती. तिथल्या माणसाने कोणाकडे जायचं? लाज वाटायला हवी. कोपऱ्यात उत्तरेचा बाण एवढा थोरला काढलात, त्याच्या खाली भरतीची उंची लिहायला दोन बोटं जागा होती.