पांढरी चारचा माज

परवा एकादशीच्या भजनात अख्ख्या गल्लीसमोर अप्पा म्हणले, "ह्याच्या बोटात मस्ती लई हाय." माईक चालू होता. आणि हेच अप्पा भजन उरकल्यावर माझ्याच घरी येऊन साखर जास्त घालून चहा पिऊन गेले, तेव्हा माझं डोकं अजून गरमच आहे हे आधीच सांगतो.

तर माझ्याकडं 61 पट्ट्यांचा एक जुना मिडी कीबोर्ड आहे. तो मोबाईलला जोडायचा, मोबाईलात पेटीचा आवाज लावायचा आणि स्पीकरला द्यायचा. आमचं भजन काळी एकमध्ये असतं, म्हंजे सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून. काळी एकला सा धरला की शुद्ध गंधार पडतो पांढरी चारवर, म्हंजे चौथ्या पांढऱ्या पट्टीवर, आणि नेमकी मधल्या सप्तकातली पांढरी चारच बिघडली. बरं, बंद पडली असती तर परवडलं असतं, मी गंधार गिळला असता, कोणाला कळलंबी नसतं. ही ओरडायला लागली. सा हळू, रे हळू, आणि ग आला की अंगावर! पुढं बसलेली म्हातारी मंडळी दचकून माझ्याकडं बघायची, स्पीकरकडं कोणी बघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर कीबोर्ड उलटा करून स्क्रू काढायलो तर अप्पा हजर. खुर्ची सोताच ओढून घेतली. अप्पा आमच्या भजनाचे जुने पेटीवाले, गुडघे गेल्यापासून मांडी घालता येत नाही म्हणून पेटी सोडली, मत मात्र सोडलं नाही.

"भाता कुठाय ह्याचा?"

"भाता नसतो अप्पा. हे सोता वाजतच नाही. कोणती पट्टी किती जोरात दाबली एवढंच मोबाईलला सांगतं, आवाज मोबाईल काढतो."

"म्हंजे चहाड्या करतंय."

आता ह्याला काय म्हणावं. खरं तर बरोबरच होतं. म्हणलं, हौ, चहाड्याच करतंय, पण खोट्या करायलंय. मग मी समजावून सांगितलं, की पट्टीखाली रबराची स्ट्रिप असते, त्यात प्रत्येक पट्टीला दोन काळे ठिपके. पट्टी दाबली की आधी एक ठिपका खालच्या बोर्डाला टेकतो, मग दुसरा. मधे किती वेळ गेला त्यावरून मशीन ठरवतं की बोट हळू पडलं का जोरात. पहिल्या ठिपक्याखाली कचरा असला की तो उशिरा टेकतो, पार दुसऱ्याच्या बरोबरीनं, मग मधे वेळच उरत नाही आणि मशीनला वाटतं गड्यानं हाणली. लगेच 127 मार्क देऊन मोकळं.

"कितीपैकी?"

"127 पैकीच. त्याच्या वर नसतंच."

"शंभर कामून नाही?"

"सात बिटचा हिशोब असतो अप्पा, शून्य ते 127. 1983 पासून जगभर असंच आहे."

"शंभराच्या वर मार्क," अप्पा मान हलवत म्हणले, "लातूर प्याटर्न दिसायलाय." आणि सोताच्याच जोकवर एवढे हसले की खोकला लागला, मला पाणी आणायला उठावं लागलं आणि आल्यावर बघतो तर दोन स्क्रू खुर्चीखाली गेलेले.

मी म्हणलं नीट होईपर्यंत सगळं भैरवीतच घेऊ, तिथं कोमल गंधार लागतो, तो पांढरी तीनवर पडतो. तर म्हणे, "शेवटाला म्हणायच्या भैरवीनं सुरू करायचं? म्हंजे बसायच्या आधीच उठायचं का?" बरं, ट्रान्सपोजचं बटन दाबून सा एक घर सरकवू म्हणलं तर ती म्हणे लबाडी. ह्यांची सोताची पेटी स्केल चेंजर होती! अख्खी पट्टीच सरकवायचे हे! पण मोठ्या माणसाला काय बोलता.

उपायांचा तर पाऊस. फुंक मार. रॉकेल लाव. पॉलिश पेपरनं घास. अरे घासला की बोर्डावरचा काळा कार्बनचा थर निघून येतो, मग ती पट्टी कायमची मुकी, पण कोण ऐकतंय. ह्याला लागतं आयसोप्रोपाइल अल्कोहोल, 99 टक्केवालं. ते आणायला आमच्या लातूरच्या बाजारात, गंजगोलाईला गेलो. सोळा रस्ते फुटतात तिथून, एकाही रस्त्यावर मिळेना. मेडिकलवाला सॅनिटायझर पुढं सरकवतो, त्यात ग्लिसरीन, वाळल्यावर चिकटपणा राहतो. दुसऱ्यानं अल्कोहोल शब्द ऐकून माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. ह्या गावाला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, आणि मला एक शंभर मिलीची बाटली मिळू नये? शेवटी एका मोबाईल दुरुस्तीवाल्यानं सोताच्या बाटलीतलं थोडं दिलं आणि पैसे पूर्ण बाटलीचे घेतले.

रबराची स्ट्रिप हळूच उचलली. मला वाटलं होतं सोयाबीनच्या राशींची धूळ असणार, आमच्या मागंच मळणीयंत्र चालतं. धूळ होतीच, पिवळी, सगळीकडं सारखी. पण पांढरी चारच्या खाली वेगळंच. काळी, बारीक पूड, ठिपक्याभोवती गोल बसलेली. बोटावर घेतली. वास आला. बुक्का!

दर भजनाला सुरुवातीला टाळ, पखवाज आणि माझा कीबोर्ड, सगळ्यांना बुक्का कोण लावतं? अप्पा. चिमटीनं, मधोमध, अगदी श्रद्धेनं.

मी बोट त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी बघितलं, त्यातलाच थोडा घेऊन कपाळाला लावला आणि म्हणले, "माउली आत पस्तोर गेली बघ."

कापसाच्या बोळ्यानं बोर्ड आणि ठिपके पुसले, वाळू दिलं, सगळं परत बसवलं. पांढरी चार शेजारणींइतकीच बोलायला लागली. पुढच्या भजनात मी मस्त वाजवलं, आणि अप्पा म्हणले, "गंधारात जोर नाही राहिला. आधी निदान तू वाजवायलास हे कळायचं तरी."

आता मी भजनाआधी कीबोर्डवर टॉवेल टाकतो. अप्पा येतात, टॉवेल उचलतात, घडी घालून बाजूला ठेवतात आणि चिमूट सोडतात.