वाडा पाडायला दिलात, कुत्रा कुणाच्या भरवशावर सोडलात?

पुण्याच्या पेठेतला वाडा असो, गिरगावातली चाळ असो की साताऱ्यातलं अंगणवालं बैठं घर, दर वेळी हेच घडतं आणि दर वेळी डोकं फिरतं. रीडेव्हलपमेंटचा करार होतो, भाड्याचे चेक जमा होतात, सामान टेम्पोत चढतं आणि दहा वर्षं दारात बसलेला कुत्रा तिथेच राहतो. पितळेचं घंगाळ कुणाकडे जाणार, आजोबांचा झोपाळा कुणाच्या फ्लॅटमध्ये मावेल, यावर भावाभावांच्या बैठका होतात. कुत्र्याचं नाव निघतं ते टेम्पो दाराशी लागल्यावर. मग ठरलेलं वाक्य येतं : "तो इथेच रमतो हो, गल्लीत सगळे ओळखतात त्याला, कुणीतरी घालेल खायला."

कोण घालेल? ओळखणारे तर सगळे तुमच्याच बरोबर घर सोडून चाललेत. चार दिवसांनी तिथे पत्रे ठोकले जाणार, रखवालदार बसणार, जेसीबी येणार. तो कुत्रा फाटकापाशी बसून राहतो, कारण त्याच्या दृष्टीने तुम्ही बाजारात गेला आहात आणि परत येणार आहात. अनेक कुत्री अशा वेळी पहिले काही दिवस समोर ठेवलेलं अन्नही खात नाहीत. नंतर भूक त्याला शेजारच्या गल्लीत नेते, तिथल्या टोळीची हद्द सुरू होते आणि मान नाहीतर मागची तंगडी फाडली जाते. पावसाळ्यात अशा उघड्या जखमेवर माश्या अंडी घालतात आणि दिवसभरात तिथे अळ्या वळवळतात. गोचिडांतून टिक फीवर होतो, प्लेटलेट्स उतरतात, नाकातून रक्त येतं. घरी दहीभात आणि उकडलेलं अंडं खाल्लेल्या जनावराला उकिरडा उपसता येत नाही. ते अन्नासकट प्लॅस्टिकची पिशवी गिळतं आणि आतडं तुंबतं. शित्झू किंवा पॉमेरेनियन असेल तर केसांच्या जटा होऊन त्याखाली कातडी सडते. "रमतो" म्हणता ते हे.

मांजराचं तर कुणी नावही काढत नाही. "मांजर माणसाचं नसतं, जागेचं असतं" एवढं बोललं की सगळे मोकळे. अहो, जागेचं असतं म्हणूनच तर ते मरतं! घाबरलेलं मांजर पळून जात नाही, ते ओळखीच्या सांदीत शिरतं. माळ्यावर, तुळईमागे, जिन्याखालच्या कोठीत. कौलं उतरवताना आणि भिंत लोटताना ते तिथेच असतं. मांजरी व्यालेली असेल तर प्रसंग आणखी वाईट, कारण ती पिल्लं एकेक करून तोंडात धरून हलवते आणि मशीन तेवढा वेळ देत नाही. चार आठवड्यांच्या आतलं पिल्लू आईविना जगवणं अतिशय कठीण. त्याला कुणी मायेने गाईचं दूध पाजलं की हगवण लागते.

वेळ नव्हता हे सांगू नका. करारावर सह्या झाल्यापासून जागा रिकामी करेपर्यंत काही आठवडे, बहुतेकदा महिने जातात. त्यात जे करायचं ते फार अवघड नाही.

भाड्याचं घर शोधताना एजंटला पहिल्याच फोनवर सांगा की घरात कुत्रा आहे. लपवून घर घेतलं की दोन महिन्यांत घरमालक "माणसं राहा, कुत्रा काढा" म्हणतो आणि पुन्हा बळी त्याचाच. कबूल झालेलं लिव्ह अँड लायसन्सच्या करारात एका ओळीत लिहून घ्या; हवं तर नुकसानभरपाईपोटी एका महिन्याचं जादा डिपॉझिट द्या. इथे एक फरक नीट समजून घ्या. आपल्या मालकीची जागा प्राणी असलेल्या कुटुंबाला द्यायची की नाही, हे घरमालक ठरवू शकतो. सोसायटीला मात्र पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. बहुमताने ठराव केला तरी नाही, आणि कुत्र्याला लिफ्ट बंद करता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांत स्पष्ट लिहिलंय. सेक्रेटरी डोळे वटारतो म्हणून जनावर सोडून देणाऱ्यांनी निदान त्या सूचना छापून त्याच्या टेबलावर ठेवायला हव्या होत्या.

हलवण्याआधी महिनाभर कुत्र्याला नव्या इमारतीत अधूनमधून घेऊन जा. लिफ्टची सवय दार उघडं ठेवून, आत-बाहेर करत लावा. अंगणात मोकळं होणाऱ्या कुत्र्याला फ्लॅटमध्ये कुठे जायचं तेच कळत नाही. पहिले पंधरा दिवस चार-पाच वेळा खाली न्यावंच लागतं आणि जुन्या अंगणातली दोन घमेली माती नव्या जागेच्या कोपऱ्यात टाकली तर त्याला लवकर उमगतं. म्हातारा कुत्रा शहाबादी फरशीवर व्यवस्थित चालतो आणि व्हिट्रिफाइड टाइल्सवर मागचे पाय फाकून पडतो. रबरी तळाच्या मॅट टाका, नखं आणि पंजांतले केस कापा. मोतीबिंदू झालेला असेल तर तो जुन्या घरात वासावर आणि पाठ झालेल्या वाटेवर चालत होता, म्हणून नव्या घरात पाण्याचं भांडं आणि अंथरूण एकदा ठेवाल तिथेच राहू द्या. त्याचं गोधडीचं अंथरूण धुऊन नेऊ नका. नव्या घरात ओळखीचा वास तेवढाच असतो.

सामान हलवण्याच्या दिवशी दारं सताड उघडी असतात आणि सगळ्यात जास्त जनावरं त्याच दिवशी हरवतात. त्याला सकाळीच नातेवाइकाकडे पाठवा, नाहीतर एका खोलीत कडी लावून ठेवा. पट्ट्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला हवा, आणि कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवलेली असेल तर तिच्या नोंदीत नवा पत्ता. टेम्पोच्या हौद्यात कपाटांच्या मध्ये बांधून नेऊ नका. प्रवासाआधी चार-पाच तास पोटभर खायला घालू नका. आणि मेडिकलवाल्याला विचारून झोपेची गोळी तर अजिबात देऊ नका. काही गुंगीच्या औषधांनी रक्तदाब उतरतो, आणि पगसारख्या चपट्या तोंडाच्या जातींचा श्वास मुळातच अडखळत असतो.

मांजराला जाळीच्या पिंजऱ्यात न्या, वर चादर टाका. नव्या घरात आधी एकाच खोलीत ठेवा, तिथेच जुनी वाळू मिसळलेला ट्रे आणि जुनी चादर. तीन-चार आठवडे बाहेर सोडू नका, नाहीतर ते जुन्या वाड्याकडे निघतं आणि वाटेतल्या रस्त्यावर संपतं. खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी बसवून मगच मांजर आणा. कबुतरामागे झेपावून चौथ्या मजल्यावरून पडलेली मांजरं पशुवैद्यांना नवीन नाहीत.

खरोखरच ठेवणं शक्य नसेल, घरात कुणाला गंभीर दमा असेल किंवा आजी एकटीच राहिली असेल, तर ते तीन महिने आधी मान्य करा. नसबंदी आणि रेबीजची लस उरकून घ्या, लसीचं कार्ड, खाण्याच्या सवयी, कशाला घाबरतो ते लिहून ठेवा, आणि घेणाऱ्याचं घर डोळ्यांनी पाहून या. आदल्या रात्री शेल्टरच्या फाटकाला बांधून पळून जाणं म्हणजे दुसऱ्या घराची सोय नव्हे. ती शेल्टरं आधीच तुडुंब आहेत आणि वयस्क कुत्रा तिथल्या गर्दीत आजार पकडतो.

आणि कायद्याचं काय? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. जनावर उपाशी-तहानेलं राहील अशा स्थितीत विनाकारण सोडून देणं त्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपये! दहा वर्षं रात्री तुमच्या दारात राखण केलेल्या जिवाची किंमत पार्किंगच्या पावतीएवढी! पण दंड क्षुल्लक आहे म्हणून तक्रार सोडू नका. शेजारी असाल तर कुत्र्याचा, रिकाम्या घराचा आणि निघणाऱ्या टेम्पोचा तारखेसह फोटो काढा, मालकाला लेखी मेसेज पाठवून त्याचं उत्तर जपून ठेवा, मग पोलीस ठाण्यात अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. पुष्कळदा तो लेखी मेसेज गेल्यावरच मालक परत येतो.

बिल्डर आणि तोडकामाचे ठेकेदार, तुमचीही सुटका नाही. वीज तोडली, गॅस बंद केला, हे तपासता ना? तसंच मशीन लावण्याच्या आदल्या संध्याकाळी बॅटरी घेऊन माळा, न्हाणीघर, जिन्याखालची कोठी, कोरडी विहीर बघा. मांजराचा आवाज आला तर त्या बाजूचं काम थांबवा, रात्रभर एक दार उघडं ठेवा, बाहेर सुकटीची वाटी ठेवा आणि सकाळी पुन्हा बघा. पिल्लं असतील तर मांजरीने ती सगळी हलवेपर्यंत त्या भिंतीला हात लावू नका.