ढीग रचला म्हणजे खत झालं नाही

आज एका शेतात खताचा ढीग फोडताना पाहिला आणि डोकंच फिरलं. वर चार बोटं काळं, वीतभर आत गेलं की काड जसंच्या तसं. हातात घेतलं तर राखेसारखी पांढरी भुकटी उडाली. सहा महिने पडून असलेला ढीग! वर ऐकायचं काय, तर सेंद्रिय खताने पिकाला फरक पडत नाही.

अहो, खत झालंच नाही तर फरक कुठून पडणार?

ती भुकटी म्हणजे ढीग तापला, पाणी आटलं आणि कुजणं तिथेच थांबलं. आतला माल मुठीत घट्ट दाबून बघा. बोटांतून एखाददुसरा थेंब यावा. धार लागली तर पाणी जास्त, मूठ उघडताच भुगा सांडला तर कमी. एवढं बघायला काय लागतं?

दुसरी चूक, नुसतं काड. गव्हाच्या काडात नत्राच्या (नायट्रोजनच्या) साधारण ८० पट कर्ब (कार्बन) असतो, जिवाणूंना ३० पटच्या आसपास लागतो. बाकीचं नत्र शेणातून आणि हिरव्या तणातून द्यावं लागतं. तोडलेल्या काडाचा वीतभर थर, त्यावर चार बोटं शेण नाहीतर हिरवा पाला, वर शेणकाला, म्हणजे पाण्यात कालवलेलं शेण, शिंपायचा. उंची ४ ते ५ फूट. ३ फुटांच्या आतला ढीग नीट तापत नाही, फार उंच केला तर खालचा माल दबून हवा कोंडते आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. डोळ्यांना झोंबणारा वास आला तर नत्र उडून चाललंय, कोरडं काड मिसळा.

आठवड्याच्या आत लोखंडी सळई खुपसून थोड्या वेळाने काढा, हातात धरवणार नाही इतकी तापलेली हवी. ५५ ते ६५ अंशांत तणाचं बी आणि रोगजंतू मरतात, पण फक्त मधल्या भागात. म्हणून पलटी. बाहेरचं आत, आतलं बाहेर, पहिल्या दीड महिन्यात निदान तीनदा.

मजूर मिळत नाही, कंबर मोडते, मान्य. पण त्या ढिगाला सहा महिन्यांत एक पलटी आणि पाणी मिळालं असतं तरी काड असं कोरडं राहिलं नसतं. आता हेच कच्चं काड रानात गेलं की जिवाणू मातीतलं नत्र ओढणार, पीक पिवळं पडणार, आणि शिव्या खताला!

असो. तो ढीग वाया गेलेला नाही, फक्त पसरू नका. फोडा, पाणी मारत शेण मिसळा, पुन्हा रचा. पलटी मारूनही तापेनासा झाला, काडी चिमटीत चुरली, ओल्या मातीसारखा वास आला, की मग रानात न्या.