टेस्टर झोपले नव्हते

नमस्कार.

क्रंचवरच्या, म्हणजे गेम तारखेला पुरा करण्यासाठी करून घेतल्या जाणाऱ्या जादा तासांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही मनापासून चिडून लिहिलंय, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो. इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. गेमला पाच हजार मोजतो, तो बनवताना कोण किती वाजता घरी गेलं याच्याशी मला काय देणंघेणं? ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ रात्रीचा दिवस करूनच झाला ना? हिंजवडीतले आयटीवालेही रिलीजच्या आधी रात्र रात्र बसतात. आपल्याकडच्या पोरांना मोठं काम झेपत नाही, हे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त दिसलंच. आणि मागच्या महिन्यात घेतलेल्या गेममध्ये माझं बावीस तासांचं सेव्ह (साठवलेला खेळ) उडालं, तेव्हा तुमचे हे टेस्टर झोपले होते का?

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते मला लागलं. मी पुण्यात चार वर्षं टेस्टर, म्हणजे गेममधल्या चुका शोधणारा, होतो. कंपनीचं नाव सांगता येणार नाही. दाराशी लॉकर, त्यात फोन ठेवायचा आणि मग आत जायचं. दिवसभर गेम खेळायचे पैसे मिळतात म्हणून मित्र हेवा करायचे. प्रत्यक्षात एका किल्ल्याच्या प्रत्येक भिंतीला खेटून पात्र चालवायचं, ते कुठे आरपार जातंय का बघायचं, आणि दुसऱ्या दिवशी नवा बिल्ड (गेमची ताजी आवृत्ती) आला की त्याच भिंती पुन्हा.

त्या किल्ल्यात तळघराकडे जाणारा एक जिना होता. खेळाडू जिन्यावर असताना ऑटोसेव्ह झालं आणि तेवढ्यात तो मेला, तर पुन्हा लोड केल्यावर पात्र पायऱ्यांमधून खाली जायचं आणि पडतच राहायचं. दर वेळी नाही, साधारण बारा वेळांत एकदा. चूक पुन्हा घडवून दाखवता आली नाही तर ती कुणी धरत नाही. म्हणून मी आणि शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा, आम्ही दोघं दोन रात्री तोच जिना चढत-उतरत, मरत बसलो होतो. शेवटी कधी, कुठे, काय केल्यावर हे सगळं लिहिलं, व्हिडिओ जोडला आणि बग नोंदवला. तीन दिवसांनी त्यावर शेरा आला: माहीत आहे, असंच जाऊ द्या.

रिलीजला अठरा दिवस होते. जिना दुरुस्त करायचा तर सेव्हच्या कोडला हात लावावा लागणार, आणि त्याला हात लावला की अख्खा गेम पुन्हा तपासावा लागणार. तेवढे दिवस कुणाकडेच नव्हते. गेम बाहेर पडला, आठवड्याभरात त्या जिन्याचा व्हिडिओ यूट्यूबवर आला आणि त्याखाली अगदी तुमचंच वाक्य होतं. करारावर सही केलेली असल्यामुळे आम्हाला तिथे एक अक्षर लिहिता येत नव्हतं.

हे एका कोपऱ्यातल्या कंपनीचं रडगाणं वाटत असेल, तर ‘सायबरपंक २०७७’ घ्या. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडनं २०१९ मध्ये सांगितलं होतं की सक्तीचा क्रंच करणार नाही. गेम आधी एप्रिल २०२० ला येणार होता, मग सप्टेंबर, मग १९ नोव्हेंबर. त्या सप्टेंबरअखेर लोकांना आठवड्याचे सहा दिवस यायला सांगितलं गेलं. (ओव्हरटाइमचे पैसे मिळत होते, हेही सांगायला हवं.) शेवटी १० डिसेंबरला गेम आला आणि सोनीच्या पीएस४ या मशीनवर त्याची इतकी दैना होती की आठवड्याभरात सोनीनं तो आपल्या स्टोअरवरून काढला. तो परत आला जून २०२१ मध्ये.

जानेवारीत कंपनीच्या सहसंस्थापकानं व्हिडिओवर माफी मागितली. त्यात तो म्हणाला की तुम्हाला आलेल्या अडचणींपैकी बऱ्याचशा आमच्या टेस्टिंगमध्ये दिसल्याच नव्हत्या. लगेच ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेचा वृत्तांत आला: तिथेच काम केलेली माणसं सांगत होती की यातल्या पुष्कळ चुका सापडल्या होत्या, दुरुस्तीला वेळ नव्हता. मी ते वाचलं तेव्हा मला आमचा जिना आठवला.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: देणंघेणं आहे, आणि ते तुमच्या पाच हजारांशीच आहे. पत्रिका आधी वाटायच्या आणि मांडवाला जागा मग शोधायची, अशा पद्धतीनं तारखा ठरतात. त्या तारखेपायी कामगाराची रात्र जाते आणि त्याच तारखेपायी तुमचं सेव्ह जातं. दमलेला माणूस रात्री दोन वाजता एक चूक दुरुस्त करताना दोन नव्या घालतो, हे मी सकाळच्या बिल्डमध्ये रोज पाहिलंय.

‘रेड डेड २’ बद्दल तुमचा एक मुद्दा बरोबर आहे आणि मी लेखात दुरुस्ती केली आहे. आठवड्याला शंभर तासांची गोष्ट, तो गेम बनवणाऱ्या रॉकस्टारचे सहसंस्थापक डॅन हाऊसर यांनी २०१८ मध्ये सांगितली, पण नंतर खुलासा केला की ते चार ज्येष्ठ लेखकांबद्दल आणि तीनच आठवड्यांपुरतं होतं. मी ते सगळ्या कंपनीला लावलं, ते चुकलं. मात्र त्याच महिन्यात कोटाकू या गेमविषयक संकेतस्थळानं रॉकस्टारच्या आजी-माजी अशा ऐंशीएक माणसांशी बोलून जे छापलं, त्यात लांबलचक आठवडे भोगलेले बरेच होते. इंग्लंडच्या लिंकन शहरातल्या त्यांच्या टेस्टरांचा ओव्हरटाइम तर त्या गाजावाजानंतर ऐच्छिक झाला. गेम अप्रतिम आहे, मी तो दोनदा संपवलाय. त्या रात्रींमुळे तो अप्रतिम झाला, हे मात्र मला कुणी दाखवून दिलेलं नाही.

उलट दाखवता येतं. सायबरपंकच्याच वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये, ‘हेडीस’ हा गेम पूर्ण झाला. तो बनवणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या सुपरजायंटमध्ये तेव्हा वीसएक माणसं होती. तिथे वर्षाला किमान २० दिवस रजा घ्यावीच लागते आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचनंतर ईमेल बंद. डिसेंबर २०१८ पासून त्यांनी अर्धा गेम खुलेपणानं अर्धा म्हणून विकला, खेळणाऱ्यांचं ऐकत तो वाढवला. छोटा गेम होता, हे मान्य. पण पद्धत निवडता येते, एवढं त्यातून नक्की दिसतं.

आयटीवाल्यांवरही लिहायला हवं, त्यावर वाद नाही. शेजारच्या घरात गळतंय म्हणून आपलं छप्पर ठीक आहे, असं मात्र होत नाही.

आता ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. हे वाचून वाईट वाटलं. ‘सँड्स ऑफ टाइम’चा रिमेक युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होता. सप्टेंबर २०२० मध्ये ट्रेलर आला आणि त्यातच तारीख होती: २१ जानेवारी २०२१, म्हणजे चार महिन्यांनी. ट्रेलर कच्चा होता, जगभर टिंगल झाली. तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत. मे २०२२ मध्ये काम कंपनीच्या कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओला गेलं, जिथे २००३ चा मूळ गेम बनला होता. ‘आता बघा’ असं तेव्हा आपलेच लोक म्हणाले. माँट्रियलनं साडेतीन वर्षांहून जास्त काळ घेतला आणि जानेवारी २०२६ मध्ये युबिसॉफ्टनं गेम रद्दच केला. मूळ गेम ज्या स्टुडिओचा, त्याच्याकडूनही जो पुरा झाला नाही, त्याचं खापर पुण्या-मुंबईच्या पोरांवर फोडू नका. त्यांच्या कामाचा तो एक ट्रेलर आपण पाहिला, त्यावर आजवर त्यांची लायकी ठरवली जातेय.

‘जीटीए ६’ पुन्हा पुढे ढकलून १९ नोव्हेंबर २०२६ वर नेला, त्यावरही तुम्ही चिडलात. मीही वाट बघतोय. फक्त तारीख पुढे गेली की स्टुडिओतल्या माणसांना शिव्या घालू नका. त्या शिव्यांचा आकडा बैठकीत दाखवला जातो आणि पुढच्या वेळी तारीख हलत नाही.

राहिलं तुमचं सेव्ह. गेमचं नाव, कुठल्या मशीनवर खेळता, कुठला पॅच (दुरुस्तीचा अपडेट) होता आणि सेव्ह उडण्याआधीच्या पाच मिनिटांत काय काय केलंत, आठवेल तसं मला कळवा. व्हिडिओ असेल तर उत्तम. माझ्याकडेही तो गेम असेल तर शनिवारी बसून तसंच घडतंय का बघतो, आणि बग नीट लिहून त्यांच्या सपोर्टच्या फॉर्ममध्ये भरून देतो.