शांतारामबापू, 'पिंजरा' आणि तुमचा राग

आटपाडीकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'दो आँखें बारह हाथ'नंतर व्ही. शांताराम यांच्या हिंदी सिनेमातली धग कमी झाली आणि सजावट वाढली, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता की ही म्हाताऱ्या माणसाची टिंगल आहे, बापूंचा मराठी 'पिंजरा' मी सोयीने गाळला, लोक रांगा लावून तिकिटं काढत होते तेव्हा धग आहे की नाही ते लोकांनी ठरवायचं, आणि सांगलीत खुर्चीवर बसून बापूंना मार्क द्यायला माझं काय जातंय? शेवटचा टोला झकास. खरंच काही जात नाही.

वयाचं आधी निकालात काढू. बापूंचा जन्म १९०१ चा. 'गीत गाया पत्थरों ने' आला १९६४ मध्ये, म्हणजे साठी नुकतीच उलटलेली. 'पिंजरा' १९७२ चा, सत्तरीतला. वयानेच माणूस विझत असता तर यातला दुसरा सिनेमा पहिल्यापेक्षा फिका निघाला असता. तसं झालेलं नाही, हे तुम्हीही मान्य कराल. तेव्हा म्हातारपणावर मी बोट ठेवलेलं नाही, ठेवणारही नाही. 'पिंजरा' गाळला कारण लेख हिंदी सिनेमांवर होता. पण तुम्ही तो माझ्याविरुद्ध साक्षीला उभा केलाय आणि मला तर तो माझ्याच बाजूचा साक्षीदार वाटतो. त्याच्याकडे येतोच.

गर्दीबद्दल एवढंच, की 'नवरंग' लोकांनी डोक्यावर घेतला हे मला ठाऊक आहे. आमच्या घरातल्या बायका आजही होळीला त्यातलं गाणं लावतात. पण गर्दी झाली म्हणजे सिनेमात कस आहे असं धरलं तर आपल्या दोघांच्याही आवडीच्या निम्म्या सिनेमांची पंचाईत होईल.

आता मुद्द्यावर. तुम्ही आटपाडीचे, म्हणजे स्वतंत्रपूर तुमच्या उशाशी. औंध संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या काळात तिथे कैद्यांची मुक्त वसाहत सुरू झाली. मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरची त्यामागे धडपड होती. भिंती नाहीत, बेड्या नाहीत, कैद्यांनी जमीन कसायची. हीच गोष्ट आपल्या माणदेशाच्या गदिमांनी लिहिली आणि बापूंनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ'मधून पडद्यावर आणली. सहा खुनी कैदी, ओसाड माळ, आणि पहारा म्हणून जेलरचे नुसते दोन डोळे. त्यात भाजीबाजाराचा भाग आठवा. कैदी आपल्या शेतातला माल स्वस्तात विकतात, बाजारावर पकड असलेल्या व्यापाऱ्याचं पोट दुखतं आणि तो यांना दारू पाजून नासवायला बघतो. सुधारलेल्या माणसाला बाजार सुखाने जगू देईल का, हा प्रश्न तिथे कुणी भाषण न ठोकता उभा राहतो.

आणखी एक गोष्ट बघा. त्याच्या आधी दोनच वर्षं 'झनक झनक पायल बाजे' टेक्निकलरमध्ये येऊन तुफान चालला होता. दुसरा कुणी असता तर पुढचा सिनेमाही रंगीतच केला असता. बापू मुकाट कृष्णधवलकडे परतले, कारण त्या माळाला रंग शोभले नसते. रंगांचा एवढा सोस असलेल्या माणसाने हा मोह टाळला, याला मी धग म्हणतो. बर्लिनच्या महोत्सवात १९५८ साली रौप्य अस्वल मिळालं ते नंतरचं.

मग 'नवरंग'. बैलाशी झुंजीच्या चित्रीकरणात डोळ्यांना इजा झाली, पट्टीआडच्या अंधारात रंग दिसू लागले, हे बापू स्वतःच त्या सिनेमाच्या सुरुवातीला पडद्यावर येऊन सांगतात. ऐकताना अंगावर काटा येतो. त्यानंतर जे सुरू होतं त्यात रंग आहेत, नाच आहेत, सी. रामचंद्रांची चाल आहे, नायिका संध्याबाईंनी बाई आणि पुरुष एकाच नाचात उभे केलेत. गोष्ट मात्र पातळ. कवीला बायकोत आपली कल्पनेतली मोहिनी दिसते, बायको चिडते, एवढाच जीव. आणि लेखक कोण? पुन्हा गदिमाच! त्यामुळे 'चांगला लेखक सुटला म्हणून बापू घसरले' हे नेहमीचं उत्तर इथे चालत नाही.

मला वाटतं, फरक पेचाचा आहे. तुमच्या-माझ्या भागात कुस्तीचा नाद पिढीजात, म्हणून त्याच भाषेत सांगतो. समोर तोलाचा गडी नसला की मोठा पैलवानही नुसता शड्डू ठोकत मैदानाला फेऱ्या मारतो. दिसायला देखणा दिसतो, पण कुस्ती काही होत नाही. बापूंना तोलाचा प्रश्न मिळाला की ते सगळी सजावट छाटून टाकत. १९३७ चा 'कुंकू' बघा. कादंबरी आपल्या कोरेगावच्या ना. ह. आपट्यांची. म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात फसवून बांधलेली नीरा त्याला नवरा मानायलाच नकार देते. अख्ख्या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. घरात, रस्त्यावर जे ऐकू येईल तेवढंच. बोलपट येऊन जेमतेम पाच-सहा वर्षं झालेली, प्रभात फिल्म कंपनीकडे वादकांची वाण नाही, तरी हा हट्ट. केशवराव दात्यांनी केलेले ते वकील, काकासाहेब, त्या शांततेतच उघडे पडतात. मागे सारंगी लावली असती तर आपण त्यांची कीव करून मोकळे झालो असतो.

साठीच्या दशकात तसा प्रश्न त्यांनी फारसा हातीच घेतला नाही. हात तयार, नजर तयार, पदरी स्वतःचा राजकमल स्टुडिओ, आणि समोर गडी नाही.

म्हणून 'पिंजरा' माझ्या बाजूचा. अनंत माने यांची कथा, शंकर पाटलांचे संवाद, जगदीश खेबुडकर आणि राम कदम, सगळी तमाशाच्या मातीत मुरलेली माणसं. नाचगाणं 'नवरंग'पेक्षा कमी नाही, पण ती तमासगिरीण चंद्रकलेची रोजीरोटी आहे, त्यामुळे एकही लावणी वरून चिकटवलेली वाटत नाही. साताऱ्यात जन्मलेले डॉ. लागू त्यातले गुरुजी. गावाने गुरुजी मेले समजून त्यांचा पुतळा बसवलाय, आणि खरे गुरुजी फडावर पडेल ते काम करतायत. शेवटी स्वतःच्याच खुनासाठी फासावर जातात, तेही मुकाट, कारण तोंड उघडलं तर पुतळा पडेल. सत्तरीतल्या बापूंना मिळालेला हा तोलाचा गडी. ते कसे लढले ते तुम्ही पाहिलंच आहे.

तुम्ही विचाराल, मग 'चानी'? खानोलकरांची कादंबरी, रंजनासारखी नटी, पेच भरपूर, तरी १९७७ चा तो सिनेमा मला भिडत नाही. तिथे बापूंची नजर पोरीच्या सोनेरी केसांवर जास्त रेंगाळते, गावाच्या क्रूरपणावर कमी. म्हणजे नुसता पेच मिळून भागत नाही, हे मान्य. यावर तुमचं मत वेगळं असेल तर सविस्तर लिहा, मला खरंच वाचायचंय.

आणि एक विनंती. स्वतंत्रपूरची सुरुवातीची वर्षं पाहिलेल्या माणसांच्या आठवणी तुमच्याकडे कुणाच्या घरात सांगितल्या जात असतील तर त्या लिहून पाठवा, त्यांच्या परवानगीने इथे टाकू. 'जल बिन मछली नृत्य बिन बिजली' मात्र पुन्हा बघायला सांगू नका. बापूंवर माझा जीव आहे, पण इतका नाही.