शिराझबद्दलच्या आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. आमच्या मालवणच्या हॉटेलला दोन स्टार देताना आपण तीन तक्रारी लिहिल्या आहेत. रेड वाइन रूम टेंपरेचरला न देता गार दिली, बांगडा फ्रायबरोबर तोंडात लोखंडाची चव आली आणि शेवटच्या ग्लासात काचेसारखे खडे निघाले. त्यावरून स्वस्तातली शिराझ (त्याच नावाच्या काळ्या द्राक्षाची ही रेड वाइन) खराबच होती, असं आपलं म्हणणं आहे.

आधी खड्यांबद्दल, कारण काचेची भीती साधी नाही. आपला ग्लास परत आल्यावर ते खडे गरम पाण्यात टाकून पाहिले, ते विरघळले. काच विरघळत नाही. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल आणि पोटॅशियम एकत्र येऊन थंडीत असे खडे धरतात, रेड वाइनमध्ये लालसर दिसतात आणि पोटात गेले तरी अपाय नाही. शेवटचा घोटभर बाटलीतच ठेवला की झालं.

रूम टेंपरेचर म्हणतात ते युरोपातल्या गार खोलीचं, १६ ते १८ अंश. आमच्याकडे मे महिन्यात खोलीत सहज ३० च्या वर असतं. शिराझमध्ये अल्कोहोल साधारण १३-१४ टक्के. इतक्या उकाड्यात तेच आधी नाकात चढतं, फळाचा वास मागे पडतो. उलट फ्रिजमधून थेट ओतली तर तुरटपणा बोचतो. घरी प्याल तेव्हा बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. रात्रभर राहिली असेल तर अर्धा तास आधी बाहेर काढा.

लोखंडाच्या चवीबद्दल आपली जीभ अगदी बरोबर आहे, दोष बाटलीचा नाही. रेड वाइनमध्ये लोहाचा किंचित अंश असतो आणि माशाच्या तेलाशी त्याचं पटत नाही. लोह जास्त तशी तोंडात मागे राहणारी माशाची हिवसाण चव जास्त, हे जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलंय. बांगडा तर तेलकट मासा! त्याच्यासोबत गार शेनिन ब्लांक ही व्हाइट वाइन घ्या. शिराझ मटण सुक्याबरोबर घ्या, पण तिखट बेताचं सांगा, कारण मिरचीची जळजळ अल्कोहोलने वाढते आणि तुरटपणाही जास्त जाणवतो.

आता खराब बाटली कशी ओळखायची ते. ग्लास एक तृतीयांशच भरा, पांढऱ्या कागदावर तिरका धरा. ताज्या शिराझची कड जांभळट दिसते. नव्या बाटलीची कड विटकरी असेल तर हवा लागलेली असू शकते. न ढवळता हुंगा, मग गोल फिरवून पुन्हा हुंगा. जांभूळ, काळी मिरी यांची आठवण होईल असा वास आला तर ठीक. व्हिनेगर, नेलपॉलिश किंवा ओल्या पुठ्ठ्याचा आला तर पिऊच नका. घोट तोंडात फिरवल्यावर हिरड्या कोऱ्या कडक चहासारख्या सुकल्या, तर ते टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतला तुरट अंश; तो शिराझचा स्वभाव आहे.

स्वस्त शिराझकडून वर्षानुवर्षं मुरलेल्या चवीची खोली मागू नये. स्वच्छ फळ, थोडी मिरी आणि घशाला न जाळणारा शेवट, एवढं तिने द्यायलाच हवं. ते नसेल तर किंमत कमी असली तरी ती वाईट. लेबलावर द्राक्षतोडणीचं साल बघा, दोन-तीन वर्षांच्या आतली घ्या.

पुन्हा कधी वासात शंका आली तर पहिल्या घोटालाच वेटरला सांगा. ती बाटली बाजूला काढून आपल्यासमोर दुसरी उघडू, बिलात एकच लागेल.

– हॉटेलमालक, मालवण