घर गार ठेवण्याची सोपी पद्धत

सेंट्रल हीटिंगचा वायरलेस थर्मोस्टॅट, म्हणजे खोलीचं तापमान बघून बॉयलरला बिनतारी हुकूम सोडणारी डबी, ऐन थंडीत बंद पडलाय? अभिनंदन. उन्हाळ्यात तो बिघडला तरी कळत नाही, कारण तेव्हा त्याला कोणी विचारत नाही. हे त्याच्या मनात राहत असावं.

सुरुवातीला तापमान थेट ३० वर नेऊन ठेवा. साध्या चालू-बंद थर्मोस्टॅटला २० काय नि ३० काय, घर तेवढ्याच वेगाने तापणार. पण आकडा बघून ऊब वाटते.

सेल बदला. मग तेच सेल उलटसुलट करून पुन्हा घाला.

आता बॉयलरजवळची (रेडिएटरचं पाणी तापवतो तो) दुसरी डबी, म्हणजे थर्मोस्टॅटचा हुकूम ऐकणारा रिसीव्हर, शोधा. बऱ्याच रिसीव्हरवर एक बटण असतं. ते दाबलं की थर्मोस्टॅटला वगळून हीटिंग हातानेच चालू करता येतं. ते दाबू नका. नाहीतर पुढची सगळी गंमत हुकेल.

गंमत म्हणजे नवीन थर्मोस्टॅट. कंपनी तीच घ्या, चेहराही तोच असलेला घ्या. मग जोडणी करा: एकाने बॉयलरपाशी उभं राहून बटण दाबून धरायचं, दुसऱ्याने दिवाणखान्यातून 'लुकलुकतोय का?' असं ओरडायचं. लुकलुकतोय. अजून लुकलुकतोय. लुकलुकतच राहणार, कारण जुन्या रिसीव्हरला नव्या थर्मोस्टॅटची भाषा कळत नाही. रेडिओ लहरी त्याच, युरोपात बऱ्याचदा ८६८ मेगाहर्ट्झच्या. पण कंपनीने मध्येच संदेशाची पद्धत बदललेली असते. हे तुम्हाला कस्टमर केअर सांगेल, भरपूर संगीत ऐकवून झाल्यावर. 'सर, ते मॉडेल बंद झालं. पूर्ण सेट घ्यावा लागेल.' म्हणजे रिसीव्हरही नवा. तो सेलवर नाही, २३० व्होल्टवर चालतो. शिवाय तुमच्या बॉयलरला व्होल्टेज नसलेला नुसता संपर्क (दोन तारा जोडणारा साधा स्विच) लागत असेल आणि चुकून तिथे २३० व्होल्ट गेले, तर बॉयलरचा सर्किट बोर्ड जळू शकतो. त्या बोर्डाच्या किमतीपुढे थर्मोस्टॅट फुकट वाटेल. म्हणून जाणकार माणूस बोलवा. तो येईल तेव्हा येईल, झाकण उघडेल आणि विचारेल, 'हे कोणी बसवलं होतं?'

नवा थर्मोस्टॅट रेडिएटरच्या डोक्यावरच लावा. त्याला तरी ऊब मिळू दे. तो खोली तापली म्हणून बॉयलर बंद करेल, तुम्ही स्वेटर घाला.

ॲप उतरवून घ्या. कुडकुडताना घरात नेमकं किती गार आहे ते दशांशासकट दिसतं.

पुरे झालं. अहो कंपनीवाले, तापमान मोजणारा एक सेन्सर आणि पलीकडे टकटक करणारा एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, यात एवढं गुपित काय आहे? धडधाकट रिसीव्हर तुम्ही आम्हाला कचऱ्यात फेकायला लावता आणि वर खोक्यावर हिरवं पान छापता, ऊर्जा वाचवा म्हणून! त्याच खोक्यावर एक ओळ छापायला काय जातं: 'अमुक जुन्या रिसीव्हरशी जुळणार नाही'? छापत नाही, कारण छापलं तर खोकं कोणी उघडणार नाही, आणि एकदा उघडलं की परत घ्यायला दुकानदार तयार नसतो. घरात तान्हं बाळ असतं, म्हातारं माणूस असतं. त्यांना तुमचं 'मॉडेल बंद झालं' पांघरायला द्यायचं का? बॉयलर दहा-दहा वर्षं टिकतो. तेवढी वर्षं त्याच्याशी बोलणारा सुटा थर्मोस्टॅट विकत ठेवा. जमत नसेल तर वायरलेस विकूच नका, दोन तारा द्या, आमच्या आम्ही ओढून घेऊ.